सावली सरकलीच नाही

१

घरात रंगारी घुसला की म्हातारा आणि पोरं दोन्ही अडगळीत जमा होतात. सकाळी तो शिडी टेकवून दारात उभा राहिला, सुनेने कपाटं भिंतीपासून ओढली आणि मला म्हणाली, "बाबा, पोरांना घेऊन बाहेर जा. संध्याकाळपर्यंत घरात पाय ठेवायचा नाही, रंग ओला असेल."

संध्याकाळपर्यंत. तोंडाने म्हणायला सोपं आहे. ती जाणार औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणं लावायला, डोक्यावर पंखा. मुलगा जाणार त्याच्या गॅरेजात. पाळणाघर उन्हाळ्यापुरतं बंद. राहिलो मी, सत्तरी उलटलेला, डाव्या पायाची बोटं चेचलेला, आणि गळ्यात तीन पोरं.

पोरांना मी खऱ्या नावाने हाक मारत नाही. मोठी नात, तिला मी वकील म्हणतो, कारण "इकडे ये" म्हटलं तरी ती आधी "का" विचारते. मधला नातू भोंगा. त्याला टाचणी टोचली तरी चार गल्ल्यांना कळतं. आणि धाकटा, अजून शाळेतही न जाणारा, तो शेपूट. सारखा माझ्या मागे मागे. मी संडासात गेलो तर दाराबाहेर बसून राहतो आणि मधून मधून विचारतो, "आजोबा, आहात ना?"

सून पाण्याच्या बाटल्या भरताना एकेक बजावत होती. ऊन लागू देऊ नका. तलावाकडे नेऊ नका. ओरडू नका त्यांच्यावर. झोपू नका. हे शेवटचं ती दोनदा म्हणाली. मागच्या आठवड्यात माझा डोळा लागला होता आणि भोंग्याने स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं होतं. दार उघडायला सुतार आणावा लागला. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचं सगळं बोलणं मी ऐकलं. तिची आई पोरांना न्यायला एका पायावर तयार होती. तिकडे शाळाही होती. एकदा नेली की नेली, मग मला दिसणार वर्षाकाठी. मुलगा म्हणत होता, अजून एकदा बघू, बाबांना एक संधी देऊ. बाप काय त्याच्या गॅरेजात नोकरी मागायला आला होता?

मी तोंडाने म्हणत आलो की न्या, खुशाल न्या, कान तरी शांत राहतील. पण त्या सकाळी बाटल्यांची पिशवी मी तिच्या हातातून ओढूनच घेतली.

२

वस्ती संपते तिथे बंद पडलेली वीटभट्टी आहे, आणि तिच्या पाठीमागे मोकळं मैदान. तिथवर जाईस्तोवर माझा जीव मेटाकुटीला आला. भोंग्याच्या चपलेत खडा गेला. तो काढला तर दुसऱ्या चपलेत गेला. मग पहिला खडा फेकलात का म्हणून त्याने गळा काढला. वकिलाचं म्हणणं पडलं की सावलीतच बसायचं तर घरी काय वाईट होतं, घरात तर सगळी सावलीच असते. शेपूट मागून माझा सदरा धरून चालत होता आणि पुढून गळपट्टी मला काचत होती.

मैदानात झाड एकच. झाड तरी कसलं, खोड आणि फांद्यांचा सांगाडा, शेंड्याला कुठे चार पानं. पण त्याच्याखाली, भट्टीच्या बाजूला, सावली मात्र दाट पडली होती. विहिरीत वाकून बघितल्यावर दिसते तशी काळीभोर. मला बरं वाटलं. म्हातारपणी फुकट काही चांगलं मिळालं की माणूस चौकशी करत नाही. मी सतरंजी अंथरली आणि बूड टेकलं.

खरं तर सावलीच्या बाबतीत मला कुणी शिकवावं असं काही नाही. शाळेत मी जेमतेम अक्षरं गिरवली, बाकी जन्म रस्त्याच्या कामावर गेला. दगड पडून पायाची बोटं चेचली तेव्हा मुकादमाने मला हाकललं नाही, पोरं राखायला बसवलं. खडी वाहणाऱ्या बायांची तान्ही पोरं रस्त्याकडेच्या झाडाखाली ओळीने निजवलेली असायची. ऊन फिरलं की सावली सरकते, आणि सावली सरकली की पोरं सरकवायची. दिवसभर एवढंच काम. बाया मला सावलीवाला म्हणायच्या. आता त्या रणरणत्या दुपारी डोळा लागणारच, कुणाचाही लागेल. त्यावर माझी युक्ती होती. ज्या बाजूने ऊन चालून येतं त्या काठावर उजवा तळवा ठेवून मी आडवा व्हायचो. ऊन पायावर आलं की चटका बसायचा, चटका बसला की जाग. पोरं सरकवायची, पाय परत काठावर, परत झोप. एकाही पोराला माझ्या हातून कधी ऊन लागलं नाही.

हे मी सुनेला सांगितलं होतं. ती म्हणाली, आता तसं चालत नाही, बाबा.

३

पोरं घेऊन उघड्यावर दिवस काढणं म्हणजे गळक्या बादलीने टाकी भरणं. एकाला पाणी पाजावं तर दुसऱ्याला शू. दुसऱ्याला झाडामागे नेऊन आणावं तर तिसऱ्याला मुंगी चावलेली. चेंडू एक आणि मालक तीन. भोंगा हरला की रडायचा, आणि जिंकला तर वकील नियम बदलायची. मी ओरडायचं नाही असं ठरवलं होतं ते चेंडू दुसऱ्यांदा माझ्या कानशिलावर बसेपर्यंत टिकलं.

मग वकिलाला घर बांधायची लहर आली. भट्टीजवळ विटांचे तुकडे पडलेले होते. तिने भावांना हमाल केलं आणि सावलीच्या काठाकाठाने, कड धरून, चौफेर विटा लावल्या. ही भिंत. चपला बाहेर काढायच्या. मी तिला सांगितलं की बाई, आता ऊन फिरेल, सावली सरकेल आणि तुझं घर उन्हात जाईल, तेव्हा माझ्या नावाने बोटं मोडू नकोस. ती म्हणाली, मग आपण भिंत सरकवू.

बरं, म्हटलं.

दूरवरून थप, थप असा आवाज येत होता. तलावावर कुणी कपडे धूत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. धुणाऱ्याला घाई नसावी. एक थाप, मग दम खाऊन दुसरी.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा गारेगारवाला सायकल ढकलत आला. पोरांनी मला खिसा उलटा करायला लावला. तो घामाने निथळत होता, पण भिंतीपाशी येऊन बाहेरच थांबला आणि लांबूनच कांड्या पुढे केल्या. मी म्हटलं, अरे बाबा, ये की आत, घडीभर टेक. तो सावलीकडे बघत राहिला आणि मी उन्हातच बरा असं म्हणून निघाला. सुटे परत घ्यायलाही थांबला नाही. नखाएवढी माणुसकी उरलेली नाही हल्ली लोकांत.

भोंग्याच्या हातातली कांडी दर वेळी कोपरापर्यंत ओघळते आणि मग अंगभर चिकचिक. त्या दिवशी एक थेंब गळला नाही. त्याने ती कटाकट दातांनी फोडून खाल्ली आणि दात दुखले म्हणून रडला.

मग वकील माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजोबा, तुम्ही म्हणाला होतात घर उन्हात जाईल. कुठे गेलं?"

मी बघितलं. सावली विटांना चिकटून होती तशीच. भर दुपारी सावली आखडते, खोडाच्या पायाशी येऊन बसते. ही हललीही नव्हती आणि आखडलीही नव्हती. सकाळपासून मी सतरंजी एकदासुद्धा ओढली नव्हती आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी. सावलीवाला.

मी म्हटलं, झाड तिरकं आहे. ती म्हणाली, सरळ तर आहे. मी म्हटलं, उन्हाळ्यात ऊन वेगळं पडतं. ती म्हणाली, कसं वेगळं? मी म्हटलं, गप्प बस आणि जेव. आता नजर अधू झालीय, डोकं तापलंय, विटा तिने मधे कधीतरी सरकवल्या असतील आणि आता मला बनवतेय, असा मी माझ्यापुरता हिशेब लावून टाकला.

४

जेवण म्हणजे पाव, उकडलेली अंडी आणि काकडी. भोंग्याला पिवळं नको होतं, वकिलाला पांढरं नको होतं. शेपटाने दोन्ही खाल्लं आणि अर्धं अंडं सतरंजीपलीकडे जमिनीवर ठेवून आला. मी विचारलं, कुणासाठी? त्याने नुसता खांदा उडवला. मी ते उचलून फेकलं, मुंग्या येतील म्हणून. आता आठवतं की सावलीत मुंगी एकही नव्हती. भोंग्याला चावली ती बाहेर.

जेवण झालं की पोरांनी झोपावं असा माझा कायदा. पोरांना तो मान्य नव्हता. कुजबूज, खिदळणं, लाथा. माझं डोकं ठणकायला लागलं. मी उठून बसलो आणि तिघांना चांगलं दमात घेतलं. म्हटलं, आता मला आवाज नको म्हणजे नको. मुंगी चावली तरी ओरडायचं नाही. जो आवाज काढेल त्याला उद्यापासून घरात ठेवणार, एकटा.

ती गप्प झाली.

मी झोपणार नव्हतो. सुनेला शब्द दिला होता. नुसती पाठ टेकणार होतो. तरी असावं म्हणून चप्पल काढली आणि उजवा तळवा भट्टीच्या बाजूच्या काठावर, विटेला लावून ठेवला. आता ऊन त्याच बाजूने चालून येणार. आलं की चटका बसेल, एवढ्या वर्षांत कधी चुकला नाही. डोक्याला शंका आली होती, पण पायाला कुणी विचारलं नाही. पाय आपला जुन्या भरवशावर होता.

डोळा लागता लागता तो आवाज परत आला. थप. थप. तलाव दुसऱ्या बाजूला आहे असं काहीतरी मनात आलं आणि विरून गेलं.

५

जाग आली ती चटक्याने नाही. गारठ्याने आली.

दगडी लादीवर झोपल्यासारखी पाठ बधिर झाली होती. पाय होता तिथेच होता, ऊनही होतं तिथेच, विटेच्या पलीकडे अगदी लागून. म्हणजे मी फार तर डुलकी काढली असेन. मी मान वर केली, तर सूर्य भट्टीच्या धुराड्याखाली उतरला होता.

मी वळून बघितलं. झाडाची सावली पडलेली होती. पलीकडे, तलावाच्या बाजूला, लांबलचक आणि काटकुळी, फांदी न् फांदी मोजून घ्यावी अशी. तसल्या झाडाची असायला हवी तशी.

मग मी बसलो होतो ती कुणाची?

ढग म्हणावा तर आभाळ कोरं. धुराड्याची म्हणावी तर सकाळी ऊन दुसरीकडून होतं. म्हातारा माणूस झोपेतून उठला की घटकाभर त्याचं काही खरं नसतं, असं मी स्वतःला समजावत होतो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की भोंग्याचा आवाज नाही.

तो आणि वकील भिंतीशी बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन. भोंग्याच्या गालांवर पाण्याचे ओघळ सुकले होते. हे पोर आवाज न करता रडलं होतं. जन्मल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

मी तोंड उघडलं तशी वकिलाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती कुजबुजली. "आत्ता कुठे झोप लागतेय."

शेपटाला का, असं मी विचारलं. तिने मान हलवली. नाही.

शेपूट सतरंजीच्या पलीकडे, सावलीच्या मधोमध उताणा पडला होता. डोळे सताड उघडे. माझ्याकडे बघत होता, पण हात पाय हलवत नव्हता. त्याच्या छातीवर सदऱ्याला एक खळगा पडला, पसरट, माझ्या दोन पंजांएवढा. थप. मग कापड हळूच वर आलं. मग परत खळगा. थप. वर काही नव्हतं. नुसती सावली होती आणि ती त्या पोराला थोपटत होती.

"मला का नाही उठवलं?" मी विचारलं.

वकील गुडघ्यांवर सरकत माझ्या कानाशी आली. "तुम्हीच म्हणालात ना, आवाज नको."

६

ओरडावंसं वाटलं. आयुष्यभर जिथे तिथे ओरडत आलो आणि नेमकं तिथे ओरडता येईना. वकिलाने कानात सांगितलं की शेपटाने मघाशी उठायचा प्रयत्न केला तर थोपटणं जोरात झालं, इतकं जोरात की त्याला श्वास घेता येईना. तेव्हापासून तो हललेला नाही.

मी दोघांना खुणेने सांगितलं, चपला राहू देत, भिंत ओलांडा, उन्हात जाऊन उभं राहा. वकील गेली. पहिल्यांदाच तिने "का" असं विचारलं नाही. भोंग्याचा पाय मात्र विटेला लागला. वीट विटेवर आपटून खण्णदिशी वाजली.

थप थप थप थप. शेपटाचं डोकं प्रत्येक थापेला जमिनीवरून उसळत होतं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. तो रडत नव्हता, माझ्याकडे बघत होता. दाराबाहेर बसून विचारतो ना, आहात ना म्हणून, तसं.

मी हललो नाही. वाट बघितली. हे काम मला येत होतं. रस्त्यावरच्या बाया दुपारच्या सुट्टीत पोराला थोपटता थोपटता स्वतःच झोपून जायच्या, हात पोरावर तसाच. पोर भुकेलं किंवा ओलं झालं की मी ते अलगद काढून घ्यायचो आणि बाईच्या हाताखाली गाठोडं सारायचो, म्हणजे तिची झोप मोडायची नाही. त्याचं एक तंत्र असतं. हात थांबला की लगेच काढायचं नाही. थांबलेला हात जागा असतो. तो एकदा जड व्हावा लागतो. आणि गाठोडं हलकं असून चालत नाही, हाताला वजन कळतं.

मी सदरा काढला. त्यात पाण्याची भरलेली बाटली घातली, डब्याचं फडकं कोंबलं, बाह्या गुंडाळून गाठ मारली. घामाने भिजलेला सदरा, पण होता तो होता. तो पोटाशी धरून मी शेपटाकडे सरकत गेलो, बसल्या बसल्या, एकेक वीत. जवळ गेलो तसा गारठा वाढला. कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं. एक श्वास इतका लांब की मी दोनदा घेऊन सोडला तरी त्याचा संपेना.

थाप मंदावली. मग नुसता खळगा पडून राहिला, उठेना. शेपटाची बरगडी दबली होती. हात जड झाला होता.

मी एका हाताने सदरा आत सारला आणि दुसऱ्याने पोराला माझ्याकडे ओढलं. मधे काही क्षण माझं मनगट त्या हाताखाली होतं. लागलं काय म्हणाल, तर काहीच नाही. मऊही नाही, कठीणही नाही. फक्त वजन, आणि ते माझ्या मनगटाच्या हाडावरून चाचपडत गेलं, सदऱ्यावर आलं आणि थांबलं.

थप, असं सदऱ्यावर झालं. बाटलीत पाणी डुचमळलं. धुळीचा एक बारीक लोट उठला.

पोराला खांद्यावर टाकून मी भिंत ओलांडली.

वळून बघायचं नाही असं मी ठरवलं. दोघांना पुढे घातलं आणि अनवाणी भट्टीकडे चालायला लागलो. खडे टोचत होते, भोंगा एका शब्दाने कुरकुरला नाही. भट्टीपाशी पोचलो तेव्हा शेपटाचा हात माझ्या पाठीमागे हलतोय असं जाणवलं. मी विचारलं, "कुणाला टाटा करतोयस?"

"तो उठला," शेपूट म्हणाला.

तेव्हा मात्र मान वळली. मैदान उन्हात तळपत होतं. विटांच्या आत सावली नव्हती, सतरंजी उघडी पडली होती. माझा सदरा जमिनीवर नव्हता. तो वर होता, झाडाच्या शेंड्याइतक्या उंच. खांद्यावर घेतलेलं मूल हलवावं तसा कुणीतरी तो हलवत होतं.

७

घरी सून वाटच बघत होती. तिने पोरांचे चेहरे उजेडाकडे धरून बघितले, माना, हात. कुणाचं कातडं तापलेलं नव्हतं, कुणाला ताप नव्हता. सदरा, सतरंजी, चपला, कशाकशाचा पत्ता नाही म्हणून तिने विचारलं आणि मी विसरलो म्हणालो. तिला हसू आलं. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

मुलगा आला तेव्हा ती त्याला सांगत होती, माझ्यादेखत सांगत होती, की बाबांनी पोरं फुलासारखी जपली, दिवसभर सावलीत ठेवली. आईला फोन करून नको म्हणून सांगते. शाळेचंही राहू दे. आणि मला म्हणाली, "उद्या आतली खोली रंगवायची आहे, बाबा. उद्या पण न्याल ना?"

एवढ्या दिवसांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. मी मेलो असतो तरी चाललं असतं त्या क्षणी, इतकं बरं वाटलं.

मग शेपटाकडे लक्ष गेलं. तो कोपऱ्यात बहिणीची बाहुली मांडीवर घेऊन बसला होता. तिला थोपटत होता. एक थाप, मग दम खाऊन दुसरी. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि हळूच विचारलं की काय करतोयस. तो म्हणाला, उद्या गेलं की त्याला दाखवणार.

"उद्या जायचं नाही," मी म्हटलं.

"मग तो येईल."

मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. सुनेला म्हटलं, मला नाही जमत. ती म्हणाली, काय नाही जमत? मी म्हटलं, ही कार्टी. नुसता ताप आहे डोक्याला. एक दिवस काढला तो पुरे झाला, मी काय आया आहे? तुझ्या आईला सांग, सकाळच्या गाडीने ये आणि घेऊन जा. तिकडेच शाळेत घाला.

मुलगा मधे पडला, बाबा, असं काय बोलताय. वकील दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं. ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने काही विचारलं नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि आणखी चार वाईटसाईट शब्द बोललो, म्हणजे सून खरोखर चिडावी. ती चिडली. तिने फोन उचलला.

८

विहीणबाई आल्या आणि पोरांना घेऊन गेल्या. सून सोडायला गेली. मुलगा माझ्याशी न बोलता गॅरेजात गेला. रंगारी आतल्या खोलीत होता, तोही भर दुपारी जेवायला गेला.

माझ्या खोलीत सामान सगळं मधे ओढून ठेवलेलं. खिडकीला पडदा नाही, जमिनीवर उन्हाचा लख्ख चौकोन. मी खाटेवर बसून त्या चौकोनाकडे बघत होतो. त्याचा एक कोपरा नव्हता. खिडकीत काही आडवं नव्हतं, आणि ऊन तेवढ्या जागी पडत नव्हतं. बघता बघता तो तुकडा वाढला. एका खाटेएवढा झाला आणि थांबला.

श्वास ऐकू आला. तो लांबलचक.

मग जमीन चाचपल्याचा आवाज. इथे थप, तिथे थप. कपाटाखाली. बाहुली राहिली होती तिच्यावर, थांबून, पुन्हा एकदा. मग दाराकडे, जिथे पोरांच्या जुन्या चपला होत्या. तिथे बराच वेळ. दार बंद होतं. त्याच्यापुढे जिना, रस्ता, गाडी. गाडी अजून लांब गेलेली नसणार.

मला फार वैताग आला. खरंच सांगतो, भीती वाटण्याआधी वैताग आला. या वयात माणसाला काय काय करायला लावतात. मी खाटेवरून उतरलो, गुडघे करकरले, आणि त्या गार तुकड्यात जाऊन उताणा पडलो.

हात आला. माझ्या छातीवर फिरला, मानेवर, मनगटाच्या हाडावर. तिथे थांबला. मनगट त्याने ओळखलं. मग पंजा छातीवर स्थिर झाला.

थप.

त्यानंतर रोज दुपारी मी तिथे असतो. लवकर झोप लागली असं दाखवावं लागतं. हललो तर तो बरगड्या दुखवतो. मुलगा एकदा म्हणाला, बाबा जमिनीवर का झोपता, सर्दी होईल. मी त्याला म्हटलं, तुझं काम बघ.

पोरं दुपारीच फोन करतात, कारण त्यांच्या आजीला तेव्हा वेळ असतो. काल फोन बराच वेळ वाजला. खाटेवर, हाताच्या अंतरावर. शेपूटच असणार. बाकी दोघं अजून माझ्यावर रुसलेली आहेत. आहात ना म्हणून विचारायला केला असेल. वाजायला लागला तसा पंजा छातीवरून उचलला गेला आणि फोनच्या दिशेने वळला. मी झोपेत कुरकुरल्यासारखं केलं, गुडघे पोटाशी घेतले आणि तान्ह्या पोरासारखा त्याच्या कुशीत सरकलो.

फोन वाजून वाजून बंद पडला. मग हात परत आला.